पेटीपाशी काढलेला पावसाळा

चैत्र लागला की परड्यातल्या शेवग्यावर सातेरी मधमाशांचा आवाज वाढतो. एरवीही तो असतो, पण ऐकायला कान द्यावा लागतो. चैत्रात तो आपणहून येतो. मग एखाद्या सकाळी तो एकदम चढतो, आणि वर बघावं तर माशांचा धुरळा आभाळात गरगरत असतो. अर्धं कुटुंब जुन्या राणीला घेऊन नवं घर शोधायला निघालेलं असतं. शेजारची माणसं बघायला बाहेर येतात. मी आत जातो. निपाणीजवळच्या आमच्या गावात मला माशा पाळणारा म्हणून ओळखतात, त्यामुळे मी भितो हे कुणाला खरं वाटत नाही. डंखाची भीती माझी केव्हाच गेली. ही भीती निराळी आहे, आणि ती दर चैत्रात माशांबरोबरच उठते.

यंदा तर ती उठून माझ्या उशाशीच बसली आहे. माझी थोरली मुलगी जिनमती पहिल्या बाळंतपणाला घरी आली आहे. ती परड्यात कपडे वाळत घालते, पोटावर हात ठेवून थांबते, पुन्हा घालते, आणि मी माशांच्या पेटीपाशी बसून तिच्याकडे न बघितल्यासारखं करतो. ती पोटात होती त्या वर्षीही मी इथंच बसलो होतो.

आम्ही जैन. मध आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. मधाचा एक थेंब जिभेवर ठेवणं म्हणजे सात गावं जाळल्याचं पाप, असं अव्वा सांगायची. अव्वा म्हणजे माझी आई. लहानपणी मला ती सात गावं दिसायची. त्यांतलं पहिलं नेहमी आमचंच असायचं. अशा घरातल्या माणसानं माशा पाळाव्यात याची गावाला अजून गंमत वाटते. "म्हस पाळायची आन् ताक बी प्यायचं न्हाय, असली तऱ्हा हाय अण्णांची," असं म्हणतात. मी हसतो. माशा आम्ही पाळायला घेतल्याच नव्हत्या. त्या भिंतीत होत्या.

घराची उत्तरेची भिंत पोटातून फुगली होती. तिच्यात माझ्या आज्याच्या वेळेपासून सातेरीचं मोहोळ होतं. रुपयाएवढं भोक, आणि त्यातून दिवसभर ये-जा. गवंडी म्हणाला, ही भिंत यंदाचा पाऊस काढत नाही, पाडून बांधा. पाडायची तर माशांचं काय करायचं? गावात मोहोळ काढणारे होते, पण त्यांची रीत एकच. कडब्याची चूड पेटवायची, भोकाला लावायची, आणि माशा करपून पडल्या की मध काढायचा.

"भित पडंना का," अव्वा म्हणाली. "माशा जाळायच्या न्हाईत."

"आन् भित आमच्या अंगावर पडली तर?" माझी बायको चंपा चुलीपुढून बोलली. "आम्ही जीव न्हाय व्हय, अव्वा?"

चंपाला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. तिला माहेर म्हणावं असं नव्हतंच. तिची आई तिला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी गेली होती, मावशीनं वाढवलं होतं, तीही आता नव्हती. तेव्हा बाळंतपण आमच्याच घरी व्हायचं होतं, आणि तेही त्या फुगलेल्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत. म्हणून मी लोंढ्याला गेलो.

लोंढ्याच्या स्टेशनात मालधक्क्यावर फर्नांडिसबाब नावाचे कारकून होते. ते माशा न मारता हलवतात, असं तंबाखूच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं होतं. निपाणीहून सर्व्हिस मोटारनं बेळगाव, तिथून रेल्वे. स्टेशनामागं जंगलाला लागूनच त्यांचं बिऱ्हाड होतं. रॉकेलच्या डब्यांच्या खोक्यांपासून केलेल्या पेट्या अंगणात विटांवर ठेवलेल्या, आणि झाडांच्या बेचक्यांत मातीची जुनी गाडगी आडवी बांधलेली. त्या गाडग्यांना आतून मेण चोळलेलं होतं, वर गवती चहा. फाल्गुनात ती टांगायची आणि वाट बघायची. आधी दोन-चार माशा येतात, आत शिरतात, कोपरान् कोपरा चालून बघतात आणि जातात. दुसऱ्या दिवशी जास्त आल्या तर समजावं, घर पसंत पडलं.

"मुलगी बघायला येतात तशा," फर्नांडिसबाब म्हणाले. "फरक इतकोच, ह्या चहा-पोहे मागत नाहीत."

त्यांनी मला ओढ्याच्या कडेला नेलं. पाण्यावर बसलेल्या माशांवर तांदळाचं पीठ भुरभुरलं आणि पांढऱ्या झालेल्या माशा कुठल्या दिशेला उडतात ते बघत आम्ही त्यांच्यामागून रानात शिरलो. वाटेत एका उंच सावरीखाली ते थांबले, तोंडावर बोट ठेवलं, आणि वर दाखवलं. फांद्यांना सुपाएवढी काळी पोळी लोंबत होती. आग्या मोहोळ. एकेका पोळ्यावरून माशांची लाट वरून खाली सरकत होती, अंगावर शहारा यावा तशी. आम्ही श्वास धरून झाडाखालून गेलो. पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "भियेलात?" मी हो म्हटलं. "बरें केलें," ते म्हणाले. "आग्याला भ्यावें. सातेरीला कित्याक भ्यावें? ती बापडी आपल्यालाच भिते. जरा कांय झालें की घर सोडून पळते."

तेच तिचं दुखणं होतं. सातेरी टिकत नाही. मुंग्या झाल्या, उपास पडला, पेटीला वास आला, की सगळं कुटुंब राणीला घेऊन निघून जातं. त्याला ते दोन उपाय करत. एक म्हणजे पेटीच्या दाराला बारीक भोकांचा पत्रा लावायचा. कामकरी माशा त्यातून जातात, राणी जाडी म्हणून अडकते. दुसरा म्हणजे राणीचा एक पंख कातरायचा. "तिला दुखत नाही," ते म्हणाले. मी मान हलवली. तिला दुखत नाही हे त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

भिंत आम्ही चैत्रात उघडली. ओल्या फडक्याचा थोडा धूर, बास. आत विटांच्या पोकळीत पोळी एकाशेजारी एक उभी होती, जुनी काळी, नवी दुधासारखी. मी ती सुरीनं सोडवली, पेटीच्या चौकटीत बसवली आणि केळीच्या सोपटानं बांधली. अव्वा दारात बसून मेलेली माशी दिसते का बघत होती. राणी सापडली, लांबट, काळसर, गर्दीतून वाट काढत चालणारी. तिला पेटीत ठेवलं, तशा बाकीच्या ओळीनं आत शिरल्या. मला तेव्हा जो आनंद झाला तसा पुन्हा फारसा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उठल्या आणि शिवारातल्या बाभळीवर जाऊन लटकल्या. मी पाटी घेऊन धावलो तेव्हा शेजारच्या रानातला गडी आधीच कडब्याची चूड बांधत होता. "अण्णा, तुमी खात न्हाय तर आमाला तरी खाऊ द्या की," तो हसत म्हणाला. नव्या घोसात मध नसतो, नुसत्या माशाच असतात, हे त्याला पटवण्यात घामाघूम झालो. तो बाजूला झाला. मी घोस पाटीत झाडून घेतला आणि घरी आणला. उद्या पुन्हा उठल्या तर? मी रानात नसलो तर? जळलेल्या माशा मला दिसू लागल्या. पत्रा माझ्याकडं नव्हता, निपाणीच्या डबेवाल्यानं बाजाराच्या दिवशी या म्हणून सांगितलं होतं. नखं काढायची कात्री घरात होती.

इथं आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. घरात गरवार बाई असली की तिच्या नवऱ्यानं जिवंत काही कापायचं नाही. भाजी चिरणं नाही, हिरव्या फांदीवर कोयता नाही, बैलाची शिंगं तासणं नाही. जे कापाल ते पोटातल्या जिवाला लागतं. त्या चैत्रात मी तंबाखूच्या रानात खुरपंसुद्धा गड्याच्या हातात देत होतो. आणि त्या संध्याकाळी मी राणीला दोन बोटांत धरलं आणि तिच्या एका पंखाचा शेंडा कातरला. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. आवाजही झाला नाही. तिला खाली सोडलं तर ती चालायचीसुद्धा थांबली नाही. कात्री पुसताना मला आठवलं.

मी कात्री खाली ठेवली. पंख म्हणजे हात. जन्माला येणाऱ्या लेकराचा हात.

भीती ही गोष्ट मी त्या पावसाळ्यात जवळून पाहिली. ती आरडाओरडा करत नाही. ती माणसाला कामाला लावते. मी पेटीचा पहारेकरी झालो. दारापुढं पांढरं फडकं अंथरलं, रोज सकाळी त्यावर मेलेल्या माशा दिसतात का बघू लागलो. पायांना पिवळे गोळे लावून माशा आत शिरल्या की समजायचं, राणी अंडी घालते, घरात बाळं आहेत. पेटीला कान लावायचा. आतून सारखा, खालच्या पट्टीतला घूं-घूं आवाज आला की सगळं ठीक. फर्नांडिसबाबांनी हे सगळं मोहोळाची तब्येत कळावी म्हणून शिकवलं होतं. मी त्याचा कौल लावत होतो. माशांनी परागकण आणले, म्हणजे लेकरू वाढतंय. फडक्यावर माशा पडल्या, म्हणजे त्या दिवशी चंपाकडं बघायचा धीर नाही. ती जेवायला वाढायची, मी ताटात बघायचो.

"माशास्नी ताप-बिप आलाय का?" ती कधी विचारायची.

"न्हाय. का?"

"तुमच्या त्वांडावर दिसतंय म्हून."

श्रावणात पावसानं उसंत दिली नाही. फुलं धुऊन गेली. मी साखरेचा पाक वाटीत ठेवत होतो, तरी पेटी हलकी होत चालली. मग पोळ्यांत मेणकिडा शिरला, जाळी दिसू लागली. सातेरीला एवढं पुरे होतं. एका उघडीपीच्या दुपारी त्या उठल्या. सगळ्या बाहेर पडल्या, गरगरल्या, आणि राणी पेटीच्या फळीवरून उडाली ती सरळ खाली चिखलात पडली. वर गेलेल्या माशा थोड्या वेळानं परतल्या आणि तिच्याभोवती जमिनीवर मुठीएवढा गोळा करून बसल्या. तिला सोडून जात नव्हत्या, नेऊ शकत नव्हत्या.

चंपा भिंतीला धरून उभी होती. सातवा सरत आला होता.

"हिला उडाय येत न्हाय?"

"म्हातारी झालीया," मी म्हणालो.

ती त्या गोळ्याकडं बघत राहिली. मी राणीला उचलून पेटीत घातलं, किडलेली पोळी काढून टाकली. त्या आठवड्यात त्या आणखी दोनदा उठल्या आणि दोनदा चिखलात बसल्या. तिसऱ्यांदा अव्वानं बघितलं. त्या दिवसापासून ती माळ घेऊन बसली की माझ्याकडं पाठ करून बसायची, असं मला वाटायचं. कदाचित ती पूर्वीपासूनच तशी बसत असेल.

भाद्रपदात पर्वाचे दिवस आले. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, संध्याकाळी शास्त्र वाचत. अहिंसेचं व्रत घेतलेल्या गृहस्थाकडून कोणते पाच दोष घडतात, ते पंडित समजावून सांगत होते. बंध, म्हणजे जिवाला बांधून ठेवणं. वध, म्हणजे मारणं-झोडणं. छेद, म्हणजे अवयव कापणं. मग जास्त ओझं लादणं, आणि खाण्यापिण्याला अडवणं. बाकीचे बैलांचा विचार करत असतील. शेजारचा मला कोपरानं ढोसून म्हणाला, "वज्झ्याचं ऐकलंस न्हवं? तुझ्या तंबाखूच्या गाडीचं सांगाय लागल्यात." मी हसलो. माझ्या मानेवर घाम होता. पर्व संपल्यावर आम्ही घरोघर जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. मी साऱ्या गावापुढं हात जोडले. चूड बांधणाऱ्या गड्यापुढंही जोडले. घरी येऊन चंपापुढं उभा राहिलो, रीतीचं बोललो, आणि पुढचं बोललो नाही. भरल्या पोटाच्या बाईला हे सांगून घाबरवायचं कशाला, अशी मी माझी समजूत घातली. शहाणपणासारखी दिसत होती ती.

आश्विनात कारळा फुलला. माळ पिवळा झाला आणि पेटी जड होऊ लागली. मी चौकट उचलून बघितली तर राणी पोळ्यावर चालत होती, तेजदार, आणि तिचे दोन्ही पंख पुरे होते. मी चौकट उन्हाकडं धरून पुन्हा बघितलं. पुरे. पंख फुटला होता. मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. गवताचं पातं कापलं तर वाढतं, नखं वाढतात, पालीचं शेपूट वाढतं, मग पंखानं का वाढू नये? त्या दिवशी मी चंपाशी हसून बोललो, दोनदा भात मागून घेतला. तीही हसली. ते दोन-तीन दिवस त्या साऱ्या वर्षातले मोकळे दिवस.

मग मला हे फर्नांडिसबाबांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. लोंढ्याला गेलो. ते पावत्या फाडत होते. ऐकून त्यांनी चष्मा वर केला.

"माशीचो पंख परत येत नाही, भाऊ. ही ती नव्हेच. ही दुसरी."

"मग पहिली?"

"उडता येत नाही, अंडी कमी झाली, म्हणजे पोरीच नवी राणी वाढवतात. नवी आली की जुनी जाते. चांगलें झालें तुमचें. पेटी वाचली."

गाडीत बसलो तेव्हा खानापूरचं रान खिडकीतून सरत होतं आणि मला काहीच दिसत नव्हतं. नवी आली की जुनी जाते. महिनोन् महिने मी लेकराच्या हातासाठी भीत होतो. आता कळलं की कौल मी उलटा वाचत होतो. लेकरू पुऱ्या पंखांचं येणार. जाणार होती ती चंपा. तिची आई गेली तशी. हे बोलताना आज मला माझंच हसू यावं, पण येत नाही. एवढ्या वर्षांनी, चार बुकं वाचून, मोहोळातल्या गोष्टी मोहोळातच असतात हे समजूनही येत नाही.

कार्तिकात, भर दुपारी, ती नव्या भिंतीच्या खोलीत होती. अव्वा आणि सुईण आत. मी परड्यात. पेटीकडं मी त्या दिवशी बघितलं नाही, बघायची छाती झाली नाही. आतून चंपाचा आवाज यायचा, मग यायचा नाही, आणि न येणं जास्त वाईट होतं. ऊन उतरणीला लागलं तेव्हा लेकराचं रडणं ऐकू आलं. मी उठलो नाही. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत होतो. मग चंपा आतून म्हणाली, "अव्वा, पानी द्या," आणि मी उठलो.

मुलगी झाली होती. दोन्ही हात, दहा बोटं, मुठी आवळलेल्या. मी पुन्हा पुन्हा बघत होतो तशी सुईण म्हणाली, "काय मोजतायसा, कमी दिलंय व्हय देवानं?"

बाराव्या दिवसानंतर मी चंपाला सगळं सांगितलं. कात्री, चिखलातली राणी, म्हातारी झालीया म्हणालो ते, लोंढ्याहून येतानाची गाडी. ती लेकराला मांडीवर घेऊन ऐकत होती. मला वाटलं होतं ती चिडेल, पाप म्हणेल, किंवा हसून सोडून देईल. तिनं यातलं काहीच केलं नाही.

"तुमी भीत हुतासा?" तिनं विचारलं.

"व्हय."

"येवढं सा-सात म्हैनं?"

"व्हय."

तिचे डोळे भरून आले. "मला वाटायचं, ह्यास्नी माशांचीच काळजी. दिसभर तितंच. माजी आई अशीच गेली, हे तुमास्नी म्हाईत हुतं. यकदा तरी इचारचीला, चंपे, भ्या वाटतं का, म्हून मी रोज वाट बघितली. तुमी ताटात बगून जेवून उटायचा. मी यकलीच भ्याले वो. तुमी बी भीत हुतासा, तर दोगं मिळून भ्यालो असतो की."

पंख कातरल्याचं प्रायश्चित्त मी घेतलं. पर्वात उपास केले, पत्रा कधी लावला नाही, कात्रीला पुन्हा हात लावला नाही. माझ्या पेट्यांतून दरवर्षी माशा उडून जातात, आणि मी जाऊ देतो. पण त्या पावसाळ्यात एक बाई माझ्यापासून चार हातांवर एकटी भीत होती, आणि मी तिच्याकडं पाठ करून एका लाकडी खोक्याला कान लावून बसलो होतो. त्याचं प्रायश्चित्त कुठल्या शास्त्रात आहे, मला सापडलेलं नाही.

काल जावई आला. तंबाखूच्या वखारीत कारकुनी करतो, सायकलनं येतो. पोरगा बुजरा आहे. जिनमतीची दाराआडून चौकशी केली आणि परड्यात माझ्याजवळ येऊन बसला. माशा कशा जातात-येतात बघू लागला. लढाई संपली तरी साखर अजून रेशनवर, मग माशांना पावसाळ्यात पाक कशाचा देता, असं काहीबाही विचारत होता. ऐकत मात्र नव्हता. हातातली काडी तोडून तोडून त्यानं पायांशी ढीग केला होता.

"भ्या वाटतंय?" मी विचारलं.

तो आधी न्हाय म्हणाला. मग म्हणाला, "लई वाटतंय, मामा. झोप न्हाय."

"मग हितं कशाला बसलायस? आत जा. तिला सांग."

"तिला? ती आनी घाबरंल की."

"ती घाबरल्यालीच हाय," मी म्हणालो. "जा."

तो उठला, धोतर झटकलं, दारापाशी घुटमळला आणि आत गेला. थोड्या वेळानं आतून दोघांचं हळू बोलणं ऐकू येऊ लागलं. मधेच जिनमती रडत होती की हसत होती, कळलं नाही.

मी तसाच बसलो होतो. मग उठून स्वयंपाकघरात गेलो. चंपा बाळंतिणीसाठी हाळीव निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो.

"चंपे, मला भ्या वाटतंय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. सूप थोडं माझ्या बाजूला सरकवलं.

"मला बी," ती म्हणाली. "बसा. खडं बघा ह्यातलं."

आणि आम्ही दोघं बसलो.